गोल्फमध्ये ड्रायव्हरचे अंतर वाढवायचे असेल तर सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) 18, उजव्या हाताने खेळता, तरुणपणी क्रिकेट भरपूर खेळलेले आहात आणि आता दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने (काठीने), सारा जोर लावूनही चेंडू 195 यार्डांच्या पुढे क्वचितच जातो आणि बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करून घेतली तेव्हा क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग ताशी 92 मैल, चेंडूचा वेग ताशी 124 मैल आणि स्पिन (चेंडूची गिरकी) मिनिटाला 3,800 फेरे असे आकडे आले; शिवाय क्लब चेंडूवर 4 अंशांनी खाली उतरत असल्याचे दिसले. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे कललेला कोन, 9 अंश आहे. तुम्हाला 30 यार्ड अधिक हवे आहेत आणि त्यासाठी स्विंग बदलावा, व्यायाम करावा की नवा ड्रायव्हर घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वप्रथम या आकड्यांमधली चांगली बाब सांगतो. अमेरिकेतील एलपीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतील महिला खेळाडूंचा ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी 94 मैलांच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्यापेक्षा जेमतेम दोन मैल जास्त. तेवढ्या वेगावर त्यांचा चेंडू सुमारे 220 यार्ड हवेतून जातो आणि त्यानंतर फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) घरंगळतो. तुमचा चेंडू मात्र सगळे घरंगळणे धरून 195 यार्डांवर थांबतो. हा फरक ताकदीचा नाही. तुम्ही निर्माण केलेला वेग चेंडूपर्यंत पुरता पोहोचत नाही, आणि जो पोहोचतो तो चेंडूला पुढे नेण्याऐवजी फिरवण्यात खर्च होतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की तुम्ही आधी संपर्क सुधारावा, मग क्लब चेंडूवर येण्याची दिशा सुधारावी आणि वेग वाढवण्याचे काम त्यानंतरच हाती घ्यावे. बहुतेक खेळाडू हा क्रम नेमका उलटा धरतात. मग वेग वाढतो, पण त्याबरोबर स्लाइसही (चेंडूचे उजवीकडे वळणे) वाढतो आणि चेंडू पहिल्यापेक्षा अधिक दूर झाडीत जातो.

चेंडूच्या वेगाला क्लबहेडच्या वेगाने भागले की जो आकडा येतो, त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरने अगदी मध्यावर बसलेल्या फटक्यात तो 1.5 च्या जवळ जातो. तुमचा 1.35 आहे. तो 1.45 पर्यंत आला, तर त्याच 92 मैलांच्या वेगावर चेंडू 124 ऐवजी 133 मैलांच्या वेगाने सुटेल. चेंडूच्या वेगातला प्रत्येक मैल ढोबळमानाने दोन यार्ड देतो, म्हणजे जोर तसूभरही न वाढवता तुम्हाला पंधरा ते अठरा यार्ड मिळतील.

फटका क्लबच्या फेसवर नेमका कुठे बसतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण हाताला जाणवते ते आणि प्रत्यक्षात घडते ते यांत बरेच अंतर असते. त्यासाठी एक साधा उपाय आहे. फळ्यावर लिहिण्याच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे येईल असा चेंडू टीवर (चेंडू टेकवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा आणि फटका मारा. फेसवर शाईचा डाग उमटतो. असे दहा चेंडू मारा, प्रत्येक वेळी डागाचा फोटो घ्या आणि फेस पुसा. तुमच्यासारख्या आकड्यांच्या खेळाडूंचे डाग बहुधा टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या (क्लबच्या दांड्याच्या) बाजूला, आणि मध्यापेक्षा खाली गोळा झालेले दिसतात. टाचेकडच्या फटक्याने वेग तर जातोच, शिवाय आघाताने क्लबहेड किंचित फिरल्यामुळे चेंडूला उजवीकडे वळवणारा स्पिन वाढतो. मध्याच्या खाली बसलेल्या फटक्याने चेंडू खालून निघतो आणि बॅकस्पिन (मागच्या दिशेची गिरकी) वाढतो. तुमच्या 3,800 फेऱ्यांचा मोठा भाग याच दोन गोष्टींतून आलेला असावा.

हे डाग मध्याकडे, किंबहुना मध्याच्या किंचित वर आणण्यासाठी पहिले पाऊल ग्रिपचे, म्हणजे पकडीचे. क्रिकेट खेळलेल्या माणसाला इथे एक अडचण येते आणि ती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना बॅटचा पृष्ठभाग शक्य तितका वेळ चेंडूच्या रेषेत धरून ठेवायचा असतो आणि वरच्या हाताचे कोपर उंच राहते. ती सवय अनेक वर्षे अंगात मुरलेली असते. गोल्फचा क्लब मात्र तिरक्या वर्तुळात फिरतो, त्यामुळे त्याचा फेस बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो, आणि चेंडूपर्यंत येताना बंद व्हावाच लागतो. तो धरून ठेवला की उघडाच राहतो. ड्रायव्हरचा चेंडू प्रामुख्याने फेस ज्या दिशेला पाहतो त्या दिशेने निघतो आणि फेस व क्लबचा मार्ग यांच्यातील फरकाने वळतो. म्हणून उघडा फेस चेंडूला उजवीकडे नेतो, आणि तो उजवीकडे जाऊ नये म्हणून शरीर आपोआप क्लब बाहेरून आत ओढू लागते, ज्याने वळण आणखी वाढते. डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे फिरवा, जेणेकरून वरून पाहताना त्या हाताचे दोन ते तीन उंचवटे दिसतील, आणि उजवा तळहात क्लबच्या वर न चढता बाजूला बसेल. पहिले काही दिवस चेंडू डावीकडे जातील. त्याने घाबरून पकड परत बदलू नका, कारण फेस बंद होऊ लागल्यावरच शरीर आतून यायला शिकते.

दुसरे काम क्लब खाली उतरण्याचे. आयर्नने (कमी अंतराच्या फटक्यांसाठीच्या धातूच्या क्लबने) जमिनीवरचा चेंडू मारताना क्लब खाली उतरत असणे योग्य असते. ड्रायव्हरचा चेंडू टीवर असतो, म्हणून क्लबने आपला सर्वांत खालचा बिंदू ओलांडून किंचित वर चढताना त्याला गाठले पाहिजे. एलपीजीएच्या खेळाडू सरासरी तीनेक अंश वरच्या दिशेने मारतात. पीजीए टूर या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडू सरासरीने किंचित खाली मारतात, पण त्यांचा वेग ताशी 113 मैलांच्या वर असतो आणि त्यांना अंतराइतकीच दिशेवरच्या ताब्याची गरज असते. तुमच्या वेगाला हे परवडत नाही. पुरुष खेळाडूंनी दूरचित्रवाणीवर पीजीए टूर पाहावा, पण ड्रायव्हरसाठी नक्कल एलपीजीएची करावी, असे मी नेहमी सांगतो.

यासाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर ठेवा. टी इतकी उंच असू द्या की क्लब जमिनीवर टेकवल्यावर निम्मा चेंडू फेसच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. उभे राहताना पाठीचा कणा चेंडूपासून किंचित दूर, म्हणजे उजवीकडे झुकलेला असावा. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला की हे साधते. सरावाच्या वेळी चेंडूंचे रिकामे छोटे खोके टीच्या पुढे सुमारे एका फुटावर, लक्ष्याच्या रेषेत ठेवा. क्लब खाली उतरत असेल तर तो खोक्याला उडवतो. वर चढत असेल तर खोके जागेवर राहते. सुरुवातीला अर्ध्या जोराने मारा. उणे 4 वरून अधिक 2 अंशांपर्यंत आलात, की चेंडू अधिक उंच कोनात सुटेल आणि स्पिन कमी होईल. संपर्क आणि ही दिशा या दोन गोष्टी जमल्या, तर तुम्ही मागितलेल्या 30 यार्डांपैकी बहुतेक हिस्सा व्यायामाचा एकही प्रकार न करता पदरात पडेल.

आता वेगाकडे वळू, कारण तुम्हाला तोही वाढवता येईल. इथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे, कारण त्याच्याअभावी खेळाडू चुकीच्या जागी जोर लावतात. चेंडू आणि क्लब यांचा संपर्क साधारण अर्धा मिलिसेकंद टिकतो. 46 ग्रॅमपेक्षा किंचित कमी वजनाचा चेंडू तेवढ्या वेळात स्थिर अवस्थेतून ताशी 124 मैलांवर पोहोचतो आणि त्यासाठी त्याच्यावर पडणारे सरासरी बल पाचशे किलो वजनाइतके असते. त्या क्षणी मनगटाने, खांद्याने किंवा इच्छाशक्तीने त्यात काहीही भर घालता येत नाही. मेंदूकडून स्नायूपर्यंत संदेश जायलाच त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. चेंडूजवळ येऊन लावलेला जोर म्हणूनच वाया जातो. क्लबला जी ऊर्जा द्यायची ती सगळी त्याआधीच्या पाव सेकंदात, म्हणजे डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना), दिलेली असावी लागते.

ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. हातांनी क्लबला किती बलाने ओढले याइतकेच, किती लांब मार्गावर ओढले हेही महत्त्वाचे ठरते. समजा, हातांचा वरपासून चेंडूपर्यंतचा मार्ग दहा टक्क्यांनी लांबला आणि सरासरी बल तेवढेच राहिले, तर क्लबला दहा टक्के अधिक ऊर्जा मिळते आणि वेग जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढतो. तुमच्या बाबतीत 92 चे 96 मैल होतात, तेही अधिक ताकद न लावता. उलट केवळ बलाच्या जोरावर 92 चे 100 करायचे म्हटले तर सुमारे अठरा टक्के अधिक ऊर्जा लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हातांचा मार्ग लांबवण्यात पंचेचाळिशीतल्या खेळाडूच्या आड एक प्रसिद्ध सल्ला येतो: बॅकस्विंगमध्ये कंबर रोखून धरा आणि खांदे जितके वळतील तितके वळवा. दोन्हींमधला पीळ मोठा झाला की वेग वाढतो, असा त्यामागचा विचार आहे. लवचीक शरीराच्या विशीतल्या व्यावसायिकाला तो लागू पडेल. दिवसातले आठ तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कंबर रोखली, तर त्याचे खांदेही तिथेच थांबतात, हात अर्ध्यावर अडकतात आणि उरलेले वळण तो पाठीच्या खालच्या मणक्यांतून काढू पाहतो. गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये कंबरदुखी सर्वाधिक आढळते आणि हा सल्ला तिला आमंत्रण देतो. म्हणून कंबर मोकळेपणाने वळू द्या, उजवा गुडघा थोडा सरळ होऊ द्या आणि गरज वाटली तर डावी टाच जमिनीवरून उचलू द्या. विख्यात अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलॉस डावी टाच उचलत असत. 1963 च्या पीजीए चँपियनशिपच्या वेळी झालेल्या लाँग ड्राइव्ह स्पर्धेत त्यांनी त्या काळच्या लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने 341 यार्ड 17 इंचांचा फटका मारला होता. टाच उचलण्याने अचूकता जाते हे म्हणणे त्यांच्या कारकिर्दीसमोर टिकत नाही.

बॅकस्विंग लांबला की पुढचा प्रश्न क्रमाचा येतो. डाउनस्विंगमध्ये आधी कंबर वेग घेते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी क्लब. आणि यातला प्रत्येक भाग आपला सर्वोच्च वेग गाठून मंदावतो, तेव्हा त्याची ऊर्जा पुढच्या भागाकडे जाते. गोफणीतला दगड जसा हात मंदावल्यावर सुसाट निघतो, तसा क्लबहेड हात मंदावल्यावर पुढे झेपावतो. म्हणून चेंडूजवळ हातांचा वेग कमी होणे हे चांगल्या स्विंगचे लक्षण आहे. हात शेवटपर्यंत ओढत नेणाऱ्याचा क्लब मागे राहतो आणि फेस उघडा येतो. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे वरून निघतानाच मनगटे सोडून देणे. मग क्लब लगेच बाहेर फेकला जातो, त्याला फिरवणे जड होते, हात सुरुवातीलाच मंदावतात आणि क्लबहेडचा सर्वोच्च वेग चेंडूच्या आधी, हवेतच येऊन जातो. बॅटची सवय असलेल्यांत उजव्या हाताचा धक्का लवकर लागतो, म्हणून ही चूक त्यांच्यात अधिक दिसते. यावर मनगटे घट्ट आवळून धरणे हा उपाय नव्हे, कारण आवळलेले मनगट योग्य वेळी सुटत नाही. ग्रिप सैल असावी, पण बोटे क्लबवरून सुटू नयेत, आणि डाउनस्विंगची सुरुवात पायांनी व्हावी.

पायांचे काम म्हणजे जमिनीला ढकलणे. बॅकस्विंगमध्ये दाब उजव्या पायाच्या आतल्या भागावर येतो. हात अजून वर जात असतानाच तो डाव्या पायाकडे सरकू लागला पाहिजे आणि डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत तो बहुतांशी डावीकडे पोहोचला पाहिजे. तिथून पुढे डावा गुडघा जोराने सरळ करा, जणू त्या पायावरून उडी मारायची आहे. शरीर वर ढकलले गेले की डावा खांदा वर आणि मागे जातो आणि हातांना आतल्या बाजूने ओढ लागते. क्लबहेड बाहेर झेपावतो तो याच ओढीने. फारसा धिप्पाड नसलेला व्यावसायिक गोल्फपटू जस्टिन थॉमस फटक्याच्या क्षणी दोन्ही टाचा उचललेल्या अवस्थेत दिसतो, त्याचे कारण हेच. हौशी खेळाडूंची चूक बहुतेक वेळा वेळेची असते: ते चेंडू मारून झाल्यावर उठतात. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे वीस-तीस अंश वळवून उभे राहा, म्हणजे पाय सरळ होताना गुडघ्याला पीळ बसणार नाही.

या टप्प्यावर कोर्सवर तुम्हाला सगळे जण, कॅडीपासून जुन्या सभासदांपर्यंत, हळू मारायला सांगतील. या सल्ल्यातला अर्धा भाग बरोबर आहे. वरून निघताना झटका देऊ नये हे खरे. पण चांगल्या खेळाडूंचा स्विंग सावकाश दिसतो तो त्याच्या लयीमुळे; त्यांच्या बॅकस्विंगला साधारण पाऊण सेकंद आणि डाउनस्विंगला पाव सेकंद लागतो, आणि तो पाव सेकंद अत्यंत वेगवान असतो. सदैव हळू मारणाऱ्या शरीराला वेगात फिरणे कधीच येत नाही.

म्हणून संपर्क स्थिरावल्यानंतर, म्हणजे दहांपैकी सात डाग फेसच्या मधल्या भागात येऊ लागल्यावर, वेगाचा स्वतंत्र सराव सुरू करा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, चेंडूशिवाय. ड्रायव्हरपेक्षा हलकी काठी, ड्रायव्हरएवढी आणि त्याहून थोडी जड, अशा तीन वजनांच्या काठ्या घ्या आणि प्रत्येकीने काही स्विंग पूर्ण वेगाने करा. दोन स्विंगच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. एका सत्रात पंचवीस-तीस स्विंग पुरेत. वेग मोजणारे छोटे रडार समोर असेल तर फार उत्तम, कारण आकडा दिसल्याशिवाय माणूस खरा जोर लावत नाही. आकडा उतरू लागला की सत्र थांबवा. थकून केलेला स्विंग शरीराला मंदपणाच शिकवतो. इंग्लिश गोल्फपटू मॅथ्यू फिट्झपॅट्रिकने वजन बदलत्या काठीच्या अशाच सरावाने वेग वाढवला आणि 2022 मध्ये ब्रुकलाइन येथे यूएस ओपन जिंकले. त्याआधी ब्रायसन डिशँबोने शरीर वाढवून 2020 चे यूएस ओपन जिंकले होते, आणि त्या काळात अनेक हौशी खेळाडूंनी त्याचे पाहून जिममध्ये नको तेवढी वजने उचलली. तुमच्यासाठी फिट्झपॅट्रिकचा मार्ग योग्य आहे.

व्यायामशाळेचा उपयोग जरूर करा, पण मर्यादित हेतूने. डेडलिफ्ट आणि स्क्वॉटने पायांची ताकद, मेडिसिन बॉल भिंतीवर फेकून वळण्यातला झटका, आणि खुबा व पाठीचा वरचा भाग मोकळा करणारे ताण, एवढे पुरे. पाठीत आधीपासून दुखणे असेल किंवा कळ पायात उतरत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नका. आणि खेळायच्या दिवशी गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो त्या जागी) जाण्याची आपल्याकडची पद्धत सोडा. दहा मिनिटे शरीर गरम केल्याने मिळणारा वेग फुकटचा असतो.

तुम्ही पुण्यात सराव करता आणि अधूनमधून मुंबईत खेळता, म्हणून मोजमापाविषयी एक सूचना. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. तिथली हवा विरळ असल्याने तोच फटका मुंबईपेक्षा साधारण दोन टक्के, म्हणजे दोनशे यार्डांमागे चारेक यार्ड, लांब जातो. पावसाळ्यात दोन्हीकडे फेअरवे इतके मऊ असतात की चेंडू पडतो तिथेच रुततो. म्हणून प्रगती एकूण अंतराने न मोजता कॅरीने (चेंडू हवेतून कापतो त्या अंतराने) आणि चेंडूच्या वेगाने मोजा, तीही रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंनी नव्हे, तर तुम्ही खेळता त्याच चेंडूने. जून ते सप्टेंबर हा काळ या सगळ्या कामासाठी उत्तम आहे, कारण त्या दिवसांत गुणफलकाची फिकीर तशीही कमी असते.

राहिला नव्या ड्रायव्हरचा प्रश्न. फेस चेंडूला किती उसळी देऊ शकतो यावर यूएसजीए आणि आरअँडए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी मर्यादा घातलेली आहे आणि नामांकित कंपन्यांचे ड्रायव्हर गेली अनेक वर्षे त्या मर्यादेला टेकलेले आहेत. डोक्याचा आकारही 460 घन सेंटिमीटरपुरता मर्यादित आहे. त्यामुळे अगदी मध्यावर बसलेल्या फटक्याला या वर्षीचा ड्रायव्हर सात-आठ वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरपेक्षा लक्षणीय अंतर देऊ शकत नाही. मध्यापासून सरकलेल्या फटक्याचे नुकसान मात्र तो थोडे कमी करतो. तुमच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट बदलण्याची सोय असेल तर तो 9 वरून 10.5 अंशांवर न्या. ताशी 92 मैलांच्या वेगाला 9 अंश फार कमी आहेत, आणि कमी लॉफ्टवर फेस उघडा ठेवण्याची प्रवृत्तीही बळावते. शाफ्ट साडेपंचेचाळीस इंचांचा असेल तर ग्रिपच्या टोकापासून अर्धा-पाऊण इंच खाली पकडून पाहा. थोडा वेग जाईल, पण डाग मध्याकडे सरकतील आणि चेंडूचा वेग बहुधा वाढलेलाच दिसेल. फिटिंगसाठी (क्लब आपल्या स्विंगला जुळवून घेण्यासाठी) पैसे खर्च करा, पण तीन-चार महिन्यांनी, कारण आज उणे 4 अंशांवर आणि उघड्या फेसवर बेतलेला शाफ्ट आणि लॉफ्ट तुमचा स्विंग सुधारल्यावर उपयोगाचा राहणार नाही.